समुद्राऐवजी हॅरो

थोरलीने परवा फोनवर विचारलं. तुमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या घराचं तळघर आवरताना तुम्हाला एक हिरवी फाइल सापडली. तिच्यात इंग्लंडचे नकाशे आणि माझ्या, म्हणजे तुमच्या आजीच्या, अक्षरातलं एक वेळापत्रक आहे. आपण तिथे कधी गेलो होतो का, असं तिने विचारलं. फोनवर मी "गेलो होतो, नव्हतो" असं काहीतरी म्हटलं. ते उत्तर नव्हे, म्हणून लिहिते. धाकट्याला मराठी वाचायला जड जातं. थोरली रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षं गेली आहे, तिने त्याला वाचून दाखवावं.

थोरली तेव्हा आठ वर्षांची होती आणि धाकटा चारचा. तुमच्या आईची नोकरी पुन्हा सुरू झाली म्हणून धाकट्याला सांभाळायला मी आठ महिने तुमच्याकडे होते. जुलैत शाळेला सुट्टी लागली की सगळ्यांनी मिळून भारतात जायचं ठरलं. मी कायमची परत, तुम्ही चार आठवड्यांसाठी. तिकिटं लंडनमार्गे मिळाली. सकाळी सातला तिथे उतरायचं आणि पुढचं विमान रात्री दहाला. तुमचे बाबा म्हणाले, "आई, पंधरा तास एअरपोर्टवर कशाला बसायचं? गाडी रेंट करू. तू म्हणशील तिकडे जाऊ."

तू म्हणशील तिकडे. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात हे मला कुणी म्हटलं नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही, आणि तुमच्या आजोबांनीही नाही, जरी ते स्वभावाने चांगले होते.

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. आमचं गाव घाटमाथ्यावरचं, समुद्रापासून लांब. पुस्तकात इंग्लंडचा समुद्रकिनारा यायचा, कुंपणाच्या झुडपांमधून जाणारे अरुंद रस्ते यायचे, मेंढ्यांची कुरणं यायची. त्या किनाऱ्यावरचे कडे पांढरे असतात हे मी फळ्यावर खडूने काढून दाखवायचे आणि सांगायचे, मुलींनो, ते कडे याच खडूचे आहेत, माझ्या बोटांत आहे ना, त्याचेच. मुली हसायच्या. एकीने विचारलं होतं, बाई, तुम्ही पाहिलेत का? मी म्हटलं, पुढचा परिच्छेद वाच.

तेव्हा कुठे जायचं हे मला विचार करून ठरवावं लागलं नाही. ससेक्स परगण्यातला दक्षिण किनारा. फक्त आखणी करायची होती, आणि आखणी मला येते. तुमच्या बाबांच्या मोटार क्लबाने इंग्लंडचा मोठा नकाशा टपालाने मागवून दिला. पार्सिपनीच्या वाचनालयातून मी तीन मार्गदर्शक पुस्तकं आणली आणि त्यांची दोनदा मुदत वाढवून घेतली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, शिवणाचा दोरा रस्त्यावर वळणावळणाने ठेवायचा आणि मग तो दोरा पट्टीवर मोजायचा. मोठे हमरस्ते मी जाताना घेतले नाहीत, येताना घेतले. विमानतळावरून साडेआठला निघणं. पावणेअकराला आल्फ्रिस्टन नावाचं खेडं, तिथे चहा. साडेअकरा ते दीड, कडे. जेवणाचे डबे तिथेच गवतावर बसून खायचे. अडीचला राय नावाचं जुनं गाव, दगडी गल्ल्यांचं. साडेचारला परत फिरायचं. प्रत्येक मुक्कामाला मुलांच्या शूसाठी पंधरा मिनिटं वेगळी धरली होती. आम्हा तिघा मोठ्यांच्या भारतीय पासपोर्टांसाठी व्हिसाचे फॉर्मही मीच भरले आणि ते वेळेत शिक्के मारून परत आले.

तुमची आई वेळापत्रक वाचून म्हणाली, "आई, मध्ये मध्ये घंटा पण वाजणार का?" मी म्हटलं, वाजवेन, आणि उशिरा येणाऱ्याला बाहेर उभं करीन. आम्ही दोघी हसलो. त्या आठ महिन्यांत आम्ही दोघी एकत्र हसलो असे प्रसंग फार नव्हते, म्हणून हा लक्षात आहे. थोरली माझ्याबरोबर टेबलाशी बसून नकाशावर मेंढ्या काढायची. समुद्र तर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, जर्सी शोअरलाही आहे, असं धाकट्याचं म्हणणं होतं. इंग्लंडच्या समुद्रावर राइड्स आहेत का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मग एका रविवारी सकाळी तुमच्या बाबांनी हॅरोला, लंडनच्या एका उपनगरात, फोन लावला. तिथे माझ्या मोठ्या जाऊबाई त्यांच्या मुलीकडे राहत होत्या. तुमचे बाबा त्यांना मोठी काकू म्हणायचे, मी वहिनी म्हणायचे. बाबांनी उत्साहाने सगळं सांगितलं, लंडनला उतरणार, गाडी घेणार, आईचा प्लॅन तयार आहे. पलीकडून वहिनी म्हणाल्या, मग घरी येणार ना. बाबांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. तुमच्या आजोबांचं कॉलेज त्या वहिनींच्या घरी झालं. चार वर्षं त्यांनी दोन वेळचं ताट वाढलं आणि तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या दारावरून न थांबता जायचं, हे आमच्याकडे होत नाही. मीच तुमच्या बाबांना हे शिकवलं. ते सहावीत असताना त्यांच्या शाळेची सहल होती आणि त्याच दिवशी या वहिनी आमच्याकडे येणार होत्या. मी सहलीला पाठवलं नाही. म्हटलं, सहली पुष्कळ होतील, माणसं भेटत नाहीत.

मी मान हलवली. जायला हवं.

आधी ठरलं फक्त चहा, एक तास. मी आल्फ्रिस्टन काढून टाकलं. पुढच्या रविवारी वहिनींचा निरोप आला, मुलांना घेऊन येताय आणि न जेवता जाणार का. हॅरो विमानतळाच्या उत्तरेला आहे आणि समुद्र दक्षिणेला. दोऱ्याने मोजलं. राय काढून टाकलं. कड्यांवर चाळीस मिनिटं उरली. त्यानंतरच्या आठवड्यात वहिनींची मुलगी म्हणाली, जेवण झालं की जवळच्या देवळात जाऊ, तिथे आपली बरीच मंडळी असतात, सगळ्यांना तुम्हाला भेटायचंय. ही बरीच मंडळी कोण ते मला आजही माहीत नाही.

निघायच्या आदल्या शनिवारी बॅगा भरणं चालू होतं. तुमचे बाबा टेबलाशी आले. नकाशाकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आई, चाळीस मिनिटांसाठी पाच तास ड्रायव्हिंग, ते पण डाव्या बाजूने. मुलं कंटाळतील. समुद्र या वेळी कॅन्सल करूया का? पुढच्या वेळी नक्की."

ते वाईट मनाने बोलले नाहीत. त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर ते हॅरोला फोन करून काहीतरी सबब सांगणार होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला एक वाक्य बोलायचं होतं, मला समुद्र बघायचा आहे. मराठीत बोलले असते, इंग्रजीत बोलले असते, दोन्ही येत होतं.

मी म्हटलं, "चालेल रे. त्यात काय."

थोरली जमिनीवर बसून आपली छोटी बॅग भरत होती. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बट आजी मेड द होल मॅप." त्या क्षणी बाबा माझ्याकडे वळलेही होते. आणि मी थोरलीला म्हटलं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, तुला किती वेळा सांगितलं. तिचं तोंड एवढंसं झालं. बाळ, त्या घरात माझ्या बाजूने बोलणारी तू एकटी होतीस आणि तुला मी गप्प केलं. याची माफी मी आजवर मागितली नव्हती.

हॅरोला आम्ही साडेदहाला पोचलो. विटांच्या घरांची लांबलचक रांग, सगळी सारखी. वहिनी वाकल्या होत्या, एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, तरी पहाटेपासून उभ्या होत्या. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, वाटली डाळ. तुम्ही दोघं कार्टून बघत बसलात. धाकट्याने पुरी पोकळ आहे म्हणून परत दिली. बाबा सोफ्यावर झोपले, कारण रात्रभर विमानात झोप नव्हती. मी ओट्याशी वहिनींबरोबर पुऱ्या लाटत होते.

वहिनींची मुलगी मध्येच येऊन म्हणाली की आईची आज हॉस्पिटलची तारीख होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची. पाच महिने वाट बघून मिळाली होती. ती बदलून घेतली, आता पुढची ऑक्टोबरात. ती रागाने बोलली नाही. नुसतं सांगितलं आणि पापड घेऊन गेली.

मी वहिनींना विचारलं, मग तुम्ही आम्हाला या का म्हणालात?

"म्हणायला नको?" त्या म्हणाल्या. "माझ्या दारावरून जाणार आणि मी या म्हणणार नाही? मला वाटलं, तुम्ही वेळ नाही म्हणाल. तुझा मुलगा सांगत होता ना, तुमचा प्लॅन ठरलाय म्हणून."

"ठरला होता. मला समुद्राला जायचं होतं, वहिनी."

त्यांनी झारा कढईच्या काठावर ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्यांनी झारा पुन्हा उचलला. म्हणाल्या, लाट पटापट, तेल जळतंय. आम्ही उरलेल्या सगळ्या पुऱ्या तळल्या, खाणारं कुणी नव्हतं तरी. जेवताना त्या तुमच्या बाबांना आग्रह करकरून वाढत होत्या आणि बाबा पोट धरून नको नको म्हणत खात होते. नंतर देवळात गेलो. तिथली मंडळी त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला गेली होती.

वहिनींचं ऑपरेशन ऑक्टोबरात झालं, पण तोवर डोळ्यातला दाब वाढून उशीर झाला होता. त्या डोळ्याला पुढे फक्त उजेड कळायचा. पुढच्या वेळी म्हणून तुमचे बाबा म्हणाले होते ती वेळ आली नाही. नंतर तुम्ही दर वेळी फ्रँकफर्टवरून आलात आणि मला पुन्हा अमेरिकेला यायला गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

त्या दिवशी रात्री लंडनहून विमान उडालं तेव्हा बाहेर अजून थोडा उजेड होता. बाबा पुढच्या रांगेतून म्हणाले, आई, खाली बघ, किनारा दिसत असेल. मला मधल्या रांगेतली जागा होती, तिथून खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, दिसतोय.

हे तुमच्या बाबांना माहीत नाही. त्यांच्या समोर वाचायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्याकडून आता हरकत नाही.