सुनीता मॅडमची नोटीस

शिक्षक मित्रांनो, आज एका चांगल्या शिक्षिकेचं मन माझ्याच हातानं मोडलं.

मी कळमनुरी तालुक्यात तांड्यावरच्या शाळेचा मुख्याध्यापक. मागच्या आठवड्यात आमच्या सुनीता मॅडम दिवसभर घरोघर फिरल्या आणि शाळा सोडलेल्या तीन पोरींना वर्गात घेऊन आल्या. नेमकी त्याच दिवशी वरच्या कार्यालयानं ऑनलाइन माहिती मागवली होती. ती भरायची राहिली. आज मॅडमच्या नावानं कारणे दाखवा नोटीस आली. ती मलाच द्यावी लागली.

"सर, पोरी आणल्या ते यात कुठं लिहू?"

मी वरच्या कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "तुमचं बराबर आहे, पण माहिती काहून भरली न्हाई तेवढंच लिहा."

मॅडमनी लिहून दिलं: चूक झाली, पुन्हा होणार नाही.

मधल्या सुट्टीनंतर त्या तिघींतली एक परत आली न्हाई. एरवी मॅडम लगेच चप्पल घालून निघाल्या असत्या. आज त्या कार्यालयानं नव्यानं मागवलेली माहिती मोबाईलवर भरत बसल्या. मीही त्यांना जा म्हणालो न्हाई.

माहिती वेळेत गेली.

तुमच्या शाळेत पोरींना आणायला अजून कुणी जातं का?