धुतलेली डबी

माझे दाजी एका मोठ्या इमारतीचे जिने झाडायचे, पुसायचे. कोपऱ्यात कुणी थुंकलेलं दिसलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. "घरी उशीवर थुंकता का?" आणि मग स्वतःच बादली घेऊन बसायचे. मी त्यांना 'थुंकीमंत्री' म्हणून चिडवायचो. तेही हसायचे.

त्यांना फ्लू झाला. ताप अंगावर काढला. धाप लागली तेव्हा कुठे ताईने ओढत दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, औषधांनी ताप उतरला, आम्हाला हायसं वाटलं, आणि तो पुन्हा भडकला. डॉक्टर म्हणाले, "विषाणूने फुफ्फुसं पोखरली, त्यात आता जंतू शिरलेत. कोणते ते कळेपर्यंत औषध अंदाजाने द्यावं लागतंय. खोकून आतला कफ काढून द्या."

नर्सने झाकणाची डबी दिली. पहिल्या खेपेला नुसती लाळ गेली, ती लॅबने परत पाठवली. दुसऱ्या सकाळी दाजी बेदम खोकले. कफ पडला, ताईने डोळ्यांनी पाहिला. ती नर्सला बोलवायला धावली आणि मी पोचलो, तर दाजी ऑक्सिजन काढून बेसिनपाशी धापा टाकत उभे. डबी आतून-बाहेरून लख्ख धुतलेली.

माझा संताप संताप झाला. "दाजी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"सगळी बरबटली होती. त्या पोरीच्या हातात तशी कशी द्यायची?"

नर्स दारातच होती. म्हणाली, "बाबा, ते माझं कामच आहे."

"माझंही तेच होतं, बाई."

तिने नवी डबी ठेवली. पण दाजींच्यात आता खोकायचंही बळ नव्हतं. संध्याकाळी घशात नळी घातली, कफ तिच्यातूनच काढला. रिपोर्ट आला. त्या जंतूवरचं औषध वॉर्डातल्या कपाटातच होतं. लगेच सुरू केलं, पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. दाजी गेले.

त्या सकाळच्या कफावरून आधी कळलं असतं तरी वाचलेच असते असं नाही, असं डॉक्टरांनी मला समजावलं. मी मान डोलावली. मला ते आजही पटलेलं नाही.

नळी काढताना फरशीवर थेंब सांडले होते. ताई टॉवेल घेऊन खाली बसली आणि पुसायला लागली. "यांना चालायचं नाही असं," म्हणाली. मला वाटलं, नर्स आता तिला उठवेल. ती दुसरं फडकं घेऊन आली आणि ताईशेजारी बसली.