भाड्याच्या गाडीचा कौल

देवाच्या अनुभवाबद्दल लोक लिहितात तेव्हा त्यात डोळ्यांत पाणी येतं, मन शांत होतं. माझ्या अनुभवाच्या सुरुवातीला संताप होता, मध्ये संताप होता, आणि खरं सांगायचं तर शेवटीही थोडा उरलाच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको.

आमची शीतल, एकुलती एक लेक, जर्मनीत असते. मागच्या वर्षी तिला दिवस गेले आणि बाळंतपणासाठी आम्ही नवराबायकोनं तिकडे जायचं ठरवलं. ती राहते ते गाव लहान, हॉस्पिटल पाऊण तासावर. जावईबापू कॉम्प्युटरमध्ये मोठे हुशार, पण तिथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास. मग ऐन वेळी माझ्या लेकीला नेणार कोण? अर्थात मी! मी वारूळवाडीचा माणूस. तीस वर्षं नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला नेलेत. माळशेज घाट अशा धुक्यात उतरलोय की समोरच्या ट्रकचा नुसता आवाज यायचा, ट्रक दिसायचाच नाही. मी आरटीओत जाऊन परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला, फोटोला छाती पुढे काढून बसलो, आणि लेकीला फोन लावला. म्हटलं, एक गाडी भाड्यानं बुक करून ठेव, पुढचं तुझा बाप बघतो.

"पप्पा, इथं तुम्ही गाडी चालवायची नाही," ती म्हणाली. "मी टॅक्सी बोलावणार आहे."

"अगं, माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकलीस तू!"

"तेव्हा आपण डावीकडून जात होतो, पप्पा."

मी फोन ठेवला. ठेवला कसला, आपटला. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "बरोबर बोलली ती. तिकडं समदं उलटं असतंय म्हणं. तुमचं हितं सरळ रस्त्यावर भांडान हुतंय."

पुढचे आठ दिवस मी घरात मुका राहिलो. ताटात काय आहे हे न बघता जेवत होतो, म्हणजे बघत होतो, पण बघतोय हे दाखवत नव्हतो. मला राग कशाचा होता? कुणी मला चोर म्हटलं असतं तरी मी हसून सोडून दिलं असतं. पण मला गाडी येत नाही, असं माझ्याच पोटच्या पोरीनं म्हणावं! रात्रंदिवस ज्या हातांनी स्टिअरिंग धरून तिला शिकवलं, त्या हातांवर तिचा भरवसा नाही! शेवटी मी ठरवलं की आता थेट वर जायचं. खंडोबाला कौल लावायचा.

आमचं कुलदैवत घोडेगावच्या पलीकडे एका टेकडीवर आहे. आमच्या भावकीत लग्न असो, विहीर असो, जमिनीची वाटणी असो, देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या वडिलांनी बोअर कुठं घ्यायची ते असंच विचारलं होतं. परदेशातल्या भाड्याच्या गाडीचा प्रश्न घेऊन जाणारा मात्र आमच्या सात पिढ्यांत मीच पहिला. आणि कबूल करतो, मी श्रद्धेनं गेलो नव्हतो. त्या दोन बायकांच्या तोंडावर मारायला मला वरिष्ठांची सही हवी होती.

गुरवानं पाकळ्या लावल्या. मी हात जोडून म्हणालो, "देवा, जर्मनीत गाडी चालवू का?"

"नीट सांगा," गुरव म्हणाला. "आपली का भाड्याची?"

"देवाला काय फरक पडतोय?"

"देवाला न्हाई पडत वो. पर प्रश्न मोघम नसावा."

मी देवाला सगळं सविस्तर सांगितलं. लेक, पोट, हॉस्पिटल, पाऊण तास. मग आम्ही बसलो. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पाकळ्या जागच्या जागी. एक माशी उजव्या पाकळीवर बसली तेव्हा मला फार आशा वाटली, पण तीही उडून गेली. शेवटी मी नमस्कार करायच्या निमित्तानं पुढे वाकलो आणि हळूच उजवीकडे एक फुंकर मारली.

"भाऊ, मागं व्हा," गुरव डोळे मिटूनच म्हणाला. "फुंकायला त्यो वाढदिवसाचा केक न्हाई."

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मी उठलो. देवाच्या तोंडावर बोललो की वर्षानुवर्षं भंडारा उधळतोय, जत्रेला ट्रकभर माणसं आणतोय, आणि एका शब्दाचं उत्तर देता येत नाही? द्यायचं नसेल तर राहू दे! प्रसाद न घेता मी पायऱ्या उतरलो. बायकोनं प्रसाद घेतला, भंडाऱ्याची पुडी घेतली आणि माझ्या वतीनं माफी मागितली. ही माफी मागायची तिची सवय मला अजिबात आवडत नाही.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो आणि तोंडही चालवत होतो. मंचरकडे येताना रस्त्याला एक वळण आहे, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, आणि वळणाच्या पुढे एक रसवंती. मी देवाच्या नावानं काहीतरी बोलत होतो, बायको "पुढं बघा" म्हणत होती. वळण संपलं आणि समोर, माझ्या बाजूला, माझ्या अंगावर, एक पांढरी छोटी गाडी.

डावीकडे रसवंतीच्या बाकांवर माणसं बसलेली. उजवीकडून दुधाची गाडी येत होती. जायला जागा नव्हती. मी ब्रेकवर उभा राहिलो. अक्षरशः उभा. बायकोच्या हातातली भंडाऱ्याची पुडी फुटून सगळी काच पिवळी झाली. गाडी थांबली तेव्हा मला समोरचं दिसत नव्हतं. खाली उतरून बघितलं तर दोन्ही बंपरच्या मध्ये एक वीत अंतर. एका विताच्या पलीकडे आम्ही दोघं आणि त्या गाडीतले दोघं, चौघंही नव्हतो.

मग मी तोंड सोडलं. तीस वर्षांच्या हायवेवर जमवलेला, निवडून ठेवलेला माल होता. तो सगळा त्या गाडीच्या काचेवर ओतला. आत एक गोरा माणूस, माझ्याच वयाचा, पोटही साधारण माझ्याएवढंच. गाडीवर भाड्याच्या कंपनीचं स्टिकर. तो माझ्याकडे बघतही नव्हता. गाडी मागे घ्यायला म्हणून तो उजव्या हातानं गिअर शोधत होता, आणि उजवा हात दारावर आपटत होता. पुन्हा शोधला, पुन्हा दार. गिअर त्याच्या डाव्या हाताला होता. त्याला ते माहीत होतं, त्याच्या हाताला माहीत नव्हतं.

माझी शिवी अर्ध्यातच राहिली.

रसवंतीवाला धावत आला. "मारू नका पावणं, लई भेदरलाय त्यो. रस पिऊन निघाले, रस्ता मोकळा व्हता, तर सरळ उजवीकडं घातली राव! मी वरडलो, पर चरकाच्या आवाजात आयकू जातंय का?"

मागच्या दारातून पंचविशीतली एक मुलगी उतरली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "काका, सॉरी. मैं पुणे में पढ़ती हूँ. पापा मिलने आये. मैंने बोला था, ड्राइवर लेंगे. ये सुनते नहीं!" आणि मग ती बापाकडे वळली आणि तिच्या भाषेत त्याला असं काही झापलं की मी दोन पावलं मागे सरकलो. मला एक अक्षर कळलं नाही. पण सूर ओळखीचा होता. आठ दिवसांपूर्वी मी फोन आपटून बंद केला होता तो हाच सूर. मला तेव्हा तो अपमानाचा वाटला होता. आता समोर उभं राहून बघितलं तर ती पोर रडत होती. तिला बापाच्या ड्रायव्हिंगचं काही पडलं नव्हतं. तिला बाप हवा होता.

तो माणूस छातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. तो काय म्हणाला असेल हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो. म्हणाला असेल की अगं, मी तीस वर्षं गाडी चालवतोय.

मग तो उतरला. माझ्यासमोर आला, त्यानं गाडीची चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. ज्यानं आत्ता दोन मिनिटांपूर्वी त्याची सात पिढ्यांची खबर घेतली होती, त्या अनोळखी माणसाच्या हातात त्यानं स्वतःला आणि लेकीला देऊन टाकलं. मी ती चावी बघत राहिलो. मी अशी दिली असती का? मेलो असतो, पण दिली नसती.

ते भीमाशंकरला निघाले होते. बायको म्हणाली, "बघत काय बसलाय? बसा गाडीत. दर्शन घिऊन यू आपुनबी." आमची गाडी रसवंतीपाशी लावली आणि मी त्यांना घेऊन निघालो. तो माझ्या शेजारी बसला होता आणि प्रत्येक वळणावर नसलेल्या ब्रेकवर पाय दाबत होता. मला हसू येत होतं आणि रागही येत होता, कारण तिकडे जर्मनीत शेजारी बसून मीही हेच करणार हे मला स्वच्छ दिसत होतं. डिंभ्याचं धरण लागलं तसा त्याचा पाय थांबला. तो खिडकीतून पाणी बघू लागला. मागे त्याची लेक आणि माझी बायको एकमेकींना काही कळत नसताना गप्पा मारत होत्या. भीमाशंकराच्या पायऱ्यांवर बसूनच मी शीतलला फोन लावला.

"टॅक्सी कर," म्हटलं.

पलीकडून प्रश्न आला, "पप्पा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

मला पुन्हा राग आला, पण फोन नीट ठेवला.

पुढे जर्मनीत एका सकाळी कळा सुरू झाल्या. टॅक्सी आली, चालवणारी बाई माझ्याहूनही वयानं मोठी. रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा लागला की ती थांबायची आणि मी मनातल्या मनात तिचा उद्धार करायचो. चिटपाखरू नाही, बाई, दाब की! जावईबापू पुढे बसले होते, बायको बाळाचे कपडे भरायला घरी थांबली होती, आणि मागच्या सीटवर लेकीजवळ मी. दर कळेला ती माझा हात असा आवळायची की बोटं पांढरी पडायची. तिसऱ्या की चौथ्या सिग्नलला माझ्या लक्षात आलं, की गाडी मी चालवत असतो तर माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर असते. पाऊण तास ती मागे एकटी कण्हत आली असती, आणि मी आरशातून "आलंच, आलंच" म्हणत राहिलो असतो.

मी दुसराही हात तिला दिला. दुपारी नात झाली.

देवानं त्या दिवशी मला सांगितलं की नाही, कुणाच्या रूपानं सांगितलं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. एक वीत जागा कुणी ठेवली, तेही मी विचारत नाही. एवढंच म्हणतो, की जन्मभर जे घट्ट धरून ठेवलं होतं ते माझ्याकडून कुणीतरी काढून घेतलं, आणि त्या मोकळ्या झालेल्या हातांत माझ्या लेकीचा हात दिला. मी ओरडत होतो, शिव्या देत होतो, तरी दिला. त्याबद्दल रोज सकाळी पूर्वेकडे तोंड करून हात जोडतो. आभार मानतो आणि लगेच पुढे विचारतो, की बाबा, हेच सांगायचं होतं तर जरा हळू आवाजात सांगता आलं नसतं का?