बिनगवताचं मैदान

मराठवाड्यात कुणालाही जाऊन खेळता येईल असं सगळ्यात चांगलं गोल्फचं मैदान कोणतं, असा प्रश्न माझ्या भाच्याच्या मोबाइलवर कुणीतरी टाकला होता. उत्तर देणाऱ्यांनी लगेच पुण्या-मुंबईची नावं ठोकून दिली होती. मी भाच्याला म्हटलं, माझंही लिही. बीड बायपास ओलांडायचा, दक्षिणेला डोंगराच्या अंगानं जायचं, बोरवाडीचा माळ विचारायचा. तिकीट नाही, फाटक नाही, कुणाची ओळख लागत नाही. गवताची काडीसुद्धा नाही. आणि तरी तेच सगळ्यात चांगलं. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल भांडायला यावं. गारखेड्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, नाव मोतीराम, आणि भांडणाला मी कधी नाही म्हणत नाही.

हे मैदान केलं इब्राहीमभाईंनी. माझ्या दुकानाला लागूनच त्यांचं मोटारसायकलीचं गॅरेज. लहानपणी त्यांनी कुठल्याशा मैदानावर साहेब लोकांच्या बॅगा वाहिल्या होत्या. हिरवळीवर पाय ठेवायचा तो फक्त झेंडा धरायला. साहेब चेंडू ढकलायचे, हे झेंडा धरून बघायचे. बघून बघून खेळ अंगात भिनला. मोठेपणी भंगारातून दोन काठ्या मिळवल्या, एक वाकडी होती ती गॅरेजमध्ये ठोकून सरळ केली, आणि दर रविवारी स्वारी बोरवाडीच्या माळावर.

तो माळ म्हणजे गावाचं गायरान. नुसता मुरूम आणि दगडगोटे. तिथं हिरवळ कुठून आणणार? इब्राहीमभाईंनी वाळू चाळली, तिच्यात गॅरेजमधलं जळकं ऑइल कालवलं आणि चेंडू पाडायच्या प्रत्येक खड्ड्याभोवती, म्हणजे गलीभोवती, त्याचा गोल चोपून बसवला. त्या वाळूवरून चेंडू छान सरळ घरंगळतो. पावलं उमटतात, म्हणून खेळून झालं की एक ओलं पोतं ओढून गोल पुन्हा सारखा करायचा. जो खेळला त्यानं ओढायचं. एकदा एक वकीलसाहेब पोतं न ओढताच निघाले. इब्राहीमभाईंनी त्यांना गाडीपासून परत आणलं. "साब, पैले पोतं," एवढंच म्हणाले. साहेबांनी कोट काढला आणि ओढलं.

माळावरचं पहिलं भांडण मात्र त्यांना भारी पडलं. बोरवाडीची बानाबाई तिथं मेंढरं चारायची. आमच्याकडे शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतात, खतासाठी. कधी कधी तर जागा झाडून, खडे वेचून ठेवतात. बानाबाईनं ते गुळगुळीत वाळूचे गोल बघितले आणि तिला वाटलं, गावानं आपल्याच मेंढरांसाठी जागा केली. तिनं मोठ्या कौतुकानं सगळा कळप त्यावर बसवला. सकाळी पांढरी मेंढरं काळी होऊन उठली. बाई एक मेंढी खांद्यावर टाकून थेट गॅरेजात.

"हे काय केलं वो माझ्या मेंढराचं? लोकर कोण घील आता? तुमचा बाप?"

सगळी गल्ली गोळा झाली. मी तर खुर्चीच ओढून बसलो. इब्राहीमभाईंनी मेंढी खाली घेतली, साबण मागवला आणि गॅरेजच्या दारात तिला अंघोळ घालायला बसले. मग रविवारी माळावर जाऊन उरलेली मेंढरं धुतली. मलाही धुवायला लावली, माझा काही संबंध नसताना.

त्या दिवशी दोघांत ठराव झाला. माळ मेंढरांचा, पहिला मान मेंढरांचा. कळप आला की खेळणाऱ्यानं काठी खाली ठेवायची आणि मुकाट बसायचं. चेंडू लेंड्यांत पडला तर उचलून बाजूला ठेवायची मुभा. बदल्यात बानाबाई वाळूच्या गोलांना बोरीचे काटे लावून ठेवणार. हा नियम कुणी लिहिला नाही आणि कुणी मोडलाही नाही. नऊ गली, चार बोरी आणि एक बाई, एवढ्यावर आमचं मैदान चालायचं. रिक्षावाले खेळायचे, कंपनीतली पोरं खेळायची. कुणी सायकलीच्या नळीची काठी करून आणायचं.

मग ते दुष्काळाचे पावसाळे आले, एकामागून एक कोरडे. जायकवाडी तळाला गेलं, आणि शहर मात्र उन्हाळ्यातल्या वावटळीसारखं वाढत सुटलं. बायपासच्या पलीकडे इमारती उठल्या. माळाला लागून असलेली रानं एका बिल्डरनं घेतली. त्याच्या बोर्डावर हिरवंगार गोल्फचं मैदान रंगवलेलं होतं, मध्ये कारंजं. बोर्ड उभा होता बोरवाडीच्या वाटेवर, आणि त्याच्या सावलीत बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसायच्या. मला तो बोर्ड बघितला की पित्त उसळायचं.

बिल्डरनं आपल्या हद्दीत खोल बोअर मारला. गावची विहीर होती तेवढीही आटली. वर त्यानं सरपंच रामेश्वरला गाठलं. माळ आम्हाला द्या, आम्ही हिरवा करू, गावच्या पोरांना फुकट खेळू देऊ. रामेश्वर वाईट माणूस नव्हता, पण मोठ्या गाडीतून कुणी उतरलं की त्याचा कणा मऊ व्हायचा. सोमवारी ग्रामसभा ठरली. गाव दोन्हीकडे झुकत होतं. मग बिल्डरला कुणीतरी सुचवलं, की गाव इब्राहीमभाईंचं ऐकतं. गावातल्या निम्म्या मोटारसायकली त्यांच्याच हातच्या.

झालं. माळाच्या कडेला, नमुन्यादाखल म्हणून, सरपंचाच्या तोंडी परवानगीनं बिल्डरनं हिरवळीच्या गुंडाळ्या आणून पसरल्या. मध्ये गल, झेंडा, सगळं साग्रसंगीत. बोअरचं पाणी दिवसरात्र त्यावर. रविवारी उद्घाटन, आणि पहिला चेंडू मारायचा मान इब्राहीमभाईंना. फोटोग्राफर येणार, फोटो सोमवारी सभेत दाखवणार.

"जाऊ नका," मी म्हणालो. "तुमचा फोटो निघाला की माळ गेलाच म्हणून समजा."

"जाऊंगा," ते म्हणाले. "मोतीराम, घास है उधर. असली घास."

मी चिडलो. जन्मभर ज्या माणसाबरोबर खेळलो तो गवताच्या गालिच्यावर घसरला, असं मला वाटलं. रविवारपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. शेजारी दुकान असून नुसता पान्हा मागायलासुद्धा गेलो नाही.

पण रविवारी माळावर गेलो. सगळं बोरवाडी जमलं होतं. त्या करड्या माळावर तेवढा एकच तुकडा हिरवा, डोळ्यांना खुपावा इतका. इब्राहीमभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बिल्डरनं हातात नवीकोरी काठी दिली. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी गवतावर पाय ठेवला. थोडा वेळ तसेच उभे राहिले, पायाची बोटं हलवत. मला त्यांचा चेहरा दिसत होता. असा चेहरा मी त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता. माझा राग तिथंच विरघळला, आणि त्याहून वाईट वाटायला लागलं.

फोटोग्राफर म्हणाला, "काका, मारा."

तेवढ्यात मागच्या उतारावर बानाबाई दिसली. कळप घेऊन ती लांबच थबकली होती. मेंढरांची हाडं मोजता आली असती. त्यांनी गवताचा वास घेतला होता आणि ती तिला आवरत नव्हती. तीही ठरावाची पक्की, पण आज गावासमोर पुढं यायला कचरत होती.

इब्राहीमभाईंनी काठी खाली ठेवली आणि गवताबाहेर येऊन चपला घातल्या.

"बानाबाई, तिकडं काहून थांबल्या? पहिला मान कुणाचा?"

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या मनात लई दिसांचं व्हतं. खेळून घ्या की एकदा."

"मन को मारो गोली. आने दो उनकू."

बानाबाईनं तोंडानं एक आवाज काढला. बस्स. मेंढरं आली ती झेंड्याला वळसा न घालता. बिल्डरची माणसं हाकलायला धावली, पण उपाशी मेंढरू गवतावरून कुणाच्या बापाला हललंय? बिल्डर ओरडला, "अहो, हे कुठून कुठून मागवलंय! तुम्हालाच खेळायचं होतं ना गवतावर?"

"हौ, खेलना था," इब्राहीमभाई म्हणाले. "मगर गाव की बावडी सुखाके नक्को."

हे मात्र सगळ्या गावानं ऐकलं. आधी बाया हसल्या, हातातल्या रिकाम्या घागरी बडवत. मग सगळेच. रामेश्वरसुद्धा हसला आणि बिल्डरकडे बघायचं टाळत घरी गेला. सोमवारी सभेत बाया पुढच्या रांगेत बसल्या. माळ द्यायला एकही हात वर झाला नाही.

बिल्डरनं पाणी तोडलं. मेंढरांनी ठेवलं होतं ते उन्हानं जाळलं. एका संध्याकाळी मी माळावर गेलो तर इब्राहीमभाई त्या तुकड्यावर एकटेच उकिडवे बसले होते. वाळलेल्या मुळ्यांवरून हळूच हात फिरवत होते. म्हटलं, आता यांना काय सांगायचं.

त्यांनी मला बघितलं, पटकन उठले आणि मोटारसायकलीला बांधलेला ऑइलचा डबा सोडून माझ्या हातात दिला.

"ओतो. वाळू मैं लाता."

"अहो, पण आपल्या नऊ गली आहेत. ही दहावी होईल. दहा गलींचं मैदान जगात कुठं असतं का?"

"नै रहता," ते म्हणाले आणि वाळूचं पोतं खांद्यावर घेतलं. "अब रहेगा."