पंचफुलावहिनीच्या साखळीवहीतला माझा पंप

मार्चात आमच्या केनवडात एक बातमी शिजत्या हळदीच्या वासापेक्षा जोरात पसरली. पंचफुलावहिनीनं म्हणे सेंद्रिय हळदीवर लपून विषारी औषध मारलं, अन् मोबाइलातला पुरावाही पुसून टाकला. ती पसरवण्यात माझा हात नव्हता, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण बातमी दोन्ही अंगांनी खोटी होती. लपून काही झालं नव्हतं, आणि त्या वहीतलं काही पुसताच येत नाही. हे गावात मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण पुसा म्हणून विनवायला मीच गेलो होतो.

वहिनी माझी शेजारीण. घराला घर, शेताला शेत, मधे एक धुरा, म्हणजे बांध. तो तिनं माझ्याकडे सरकवला असं मी म्हणतो, मी तिच्याकडे सरकवला असं ती म्हणते. किती वाजले विचारलं तर घड्याळ कोणाच्या लग्नात मिळालं तिथपासून सांगायला लागणारी बाई. काही मनात ठेवलं तर तिचं पोट दुखतं.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या बावीस घरांनी गट केला. तीन वर्षं शेतात विषारी थेंब पडू द्यायचा नाही, मग हळदीला सेंद्रियचा शिक्का. गटाचं काम पाहणाऱ्या अमरदीपनं मारुतीच्या ओट्यावर ब्लॉकचेन समजावून सांगितली. मी गटात नव्हतो, चहासाठी बसलो होतो. तो म्हणाला, समजा एकच वही बावीस घरांत आहे, अन् तीच माल घेणाऱ्याकडेही आहे. एकानं ओळ लिहिली की सगळ्या वह्यांत उमटते. प्रत्येक पान मागच्या पानाला शिवलेलं. एकानं पान फाडलं तर बाकीच्या वह्या बोंब मारतात. चुकलं तर खोडायचं नाही, खाली नवी ओळ लिहायची. मी विचारलं, कोणी खोटंच लिहिलं तर? तो म्हणाला, तर ते खोटं त्याच्या नावासकट कायमचं राहील.

तेव्हापासून गाव तिला साखळीवही म्हणतं. वहिनीला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून ती मोबाइलला बोलून सांगायची अन् मोबाइल लिहून घ्यायचा. इतकं मन लावून ऐकणारं तिला जन्मात कोणी भेटलं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात ती दशपर्णी फवारत होती, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा कडू अर्क. विहिरीकडचे चार बेड, म्हणजे हळदीचे गादीवाफे, राहिले अन् तिच्या पंपाची बॅटरी बसली. वर आभाळ दाटलेलं. तिनं धुऱ्यावरून मला हाक मारली. दुसऱ्याचा पंप आणायचा नाही हा गटाचा नियम. पण आमच्याकडे पंप, शिडी, विळा मागून नेताना नियम आठवतो कोणाला? पंप धुतला का, तिनं विचारलं. चकाचक, मी म्हणालो. खरं म्हणजे आदल्या दिवशी सोयाबीनच्या अळीचं औषध मारून मी त्यात तांब्याभर पाणी हलवलं होतं.

काम झाल्यावर तिच्या हाताला वास आला. दुसऱ्या कोणी हात धुतले असते अन् विषय संपवला असता. वहिनीनं मोबाइल काढला. नोंद अशी: "विहिरीकडचे चार बेड भाऊजीच्या पंपानं मारले. त्यायनं धुतला म्हणे, पण वास येऊन राह्यला. हे बेड वेगळे धरा."

तिनंच ते मला धुऱ्यावरून ऐकवलं, तसे मी तिच्या दारात जाऊन पुसा म्हणून हात जोडले. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला अन् म्हणाली, तुमीच पुसा. पुसायचं बटणच नव्हतं.

हळद निघाली, शिजली, वाळली. त्या चार बेडांची तीन पोती तिनं जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठानं बांधून गोदामात दिली. वहीत लिहिलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं, असा तिचा समज. पण लिहिणारी घरं बावीस, वाचणारा एकही नाही. नोंद आली की नाही एवढंच अमरदीप पाहायचा. तपासणीवाल्यानं सगळ्या पोत्यांतून मूठ मूठ घेऊन एकच नमुना केला, अन् अहवाल आला: औषधाचा अंश आहे.

बावीस घरांचा माल अडकला. आठ दिवसांत कारण सापडलं नाही तर शिक्का सर्वांचाच जाणार, तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. जो तो शेजाऱ्याच्या शेताकडे बोट दाखवू लागला. अर्धे म्हणाले, मरो ते सेंद्रिय, उद्यापासून फवारा. वहिनीबद्दलची ती बातमी जन्मली ती याच दिवशी. अन् तिची जन्मकथा मला ठाऊक असूनही मी गप्प होतो.

गटाच्या बैठकीत वहिनी उठली.

"मी लिवलं होतं. वाचलं नाही काहून?"

अमरदीपनं मोबाइल उघडला अन् सप्टेंबरची ती नोंद पहिल्यांदाच मोठ्यानं वाचली. माल घेणाऱ्यांनी त्यांच्याकडची वही पाहिली. तिथेही तेच शब्द, तीच सप्टेंबरची तारीख. आज अडचणीत आल्यावर रचलेली गोष्ट असं म्हणायला जागाच नव्हती. त्यांनी हिरव्या काठाची पोती वेगळी तपासली, बाकीची वेगळी.

पाचव्या दिवशी निरोप आला: अंश त्या तीन पोत्यांतच, बाकी सगळं निर्मळ. ती तीन पोती बाद, चार बेडांची तीन वर्षं नव्यानं मोजायची. एकवीस घरं सुटली, वहिनीचं उरलेलं शेतही सुटलं. अमरदीप गोदामातल्या एका पोत्यावर टेकला. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं अन् आता नोंदी रोज वाचत जा, असं त्याला बजावलं. कोणी फवाऱ्याचं नाव काढलं नाही. आमच्या धुऱ्यावरच्या बोरीला दोन वर्षांपासून मोहोळ बसतं. त्या माश्यांनाही, मला वाटतं, जरा बरं वाटलं असेल.

माझ्याही छातीवरचा दगड उतरला, तशी जीभ सुटली. मी म्हणालो, वहिनी, आता त्या वहीत हेही लिहा की शेजाऱ्याच्या पंपाची नोंद होती म्हणून गट वाचला.

ती म्हणाली, "लिवलं न, भाऊजी. खाली ओळ वाढोली हाये: शेजाऱ्यानं पंप अजून धुतला नाही."