नलूमावशींचं शिळं पाणी

लालबागच्या आमच्या चाळीचा मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. निवडणुकीच्या मीटिंगला गैरहजर होतो, म्हणून बिनविरोध निवडून आलो. तेव्हापासून लोक मला जे काही सांगतात त्यातलं निम्मं पाण्याबद्दल असतं. त्यामुळे मित्रांत बसलो की मी तोंड उघडायचा अवकाश, पाण्याचाच किस्सा बाहेर येतो. बायको म्हणते, तुम्हाला दुसरा विषयच नाही. खरंच नाही.

आमच्याकडे पाणी सकाळी सहा ते साडेसात. तळमजल्याचे नळ बंद झाले की धार वर चढते. सगळ्यात वर, चौथ्या मजल्यावर, शिंदे मास्तर राहतात. शाळेतून रिटायर झालेत. अर्धांगवायूमुळे त्यांची बायको अंथरुणाला खिळली आहे. रोज अंग पुसायचं, चादरी धुवायच्या, सगळं मास्तरच करतात. तक्रार कधी करत नाहीत. साडेसातला रिकामी बादली घेऊन जिना उतरताना दिसले की मी समजतो, आज पाणी वर पोचलं नाही. त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवत नाही.

*

पाहुण्यांना अर्धाच ग्लास पाणी द्या, उरलेलं मोरीत जातं, अशी नोटीस मी एकदा लावली. दुसऱ्या मजल्यावरच्या राणेंनी ती फारच मनावर घेतली. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला बघायला दादरची मंडळी आली. राणेंनी ट्रेमधून सहा अर्धे ग्लास पुढे केले.

मुलाच्या आईने ग्लासकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. राणेवहिनींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलाचे वडील मात्र शांतपणे म्हणाले, "तुमचा पण सेक्रेटरी कडक दिसतोय."

लग्न ठरलं. पंगतीत राणेंनी स्वतः येऊन मला दोन ग्लास पाणी वाढलं, तेही काठोकाठ.

*

गळक्या नळांवर कमिटीची मीटिंग घेतली, ती माझ्याच घरी. थेंबाथेंबाने किती पाणी वाया जातं यावर मी दहा मिनिटं बोललो. श्वास घ्यायला थांबलो, तर आमच्या मोरीतून टप, टप, टप.

बायको आत जाऊन नळाखाली बादली ठेवून आली. मग आवाज आणखी मोठा यायला लागला. शेवटी राणे म्हणाले, "हे मिनिट्समध्ये घ्यायचं का?"

दुसऱ्या दिवशी मी वॉशर बदलला. नळ तीन महिने गळत होता.

*

पण माझी खरी हार तळमजल्यावरच्या नलूमावशींपुढे. मावशी मूळच्या मालवणच्या. सहाला नळाला पाणी आलं की कालचं उरलेलं आधी गटारात, मग हंडा चिंचेने घासायचा, मग ताजं भरायचं. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही. तळमजल्याच्या सगळ्या बायका मावशींचं बघून तेच करतात. तोवर सगळे नळ चालू, आणि वर मास्तर बादली मांडून बसलेले.

मी मावशींना समजवायला गेलो. म्हटलं, मावशी, हे पाणी गेल्या पावसाळ्यापासून धरणात पडून आहे. तुमच्या एका दिवसाने काय शिळं होणार?

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणानच सांगतंय," त्या म्हणाल्या. "आधीच शिळा ता. घरात आणखी कित्याक शिळा करू?"

मी घरी आलो आणि धरणाचं तेच सगळं चाळीच्या ग्रुपवर टाकलं. चौदा अंगठे आले. त्यातला एक मावशींचा होता. सकाळी सहाला हंडे ओतल्याचा आवाज नेहमीसारखाच आला.

*

गेल्या एप्रिलमध्ये दाब कमी झाला आणि चौथ्या मजल्यावर सलग तीन दिवस पाणी चढलं नाही. टँकरचं बोलायला मी मास्तरांकडे गेलो होतो. तेवढ्यात मावशी त्यांच्या बायकोसाठी पेज घेऊन वर आल्या. दार उघडंच होतं. मास्तर बायकोची पाठ पुसत होते. घरात पाणी होतं तेवढं एका तांब्यात. पंचा त्यात बुडवायचा, पिळायचा, पुन्हा बुडवायचा. मावशी दारातच थांबल्या. मग पेज ठेवली आणि खाली गेल्या. मीही टँकरचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, पाणी आलं, पण ओतल्याचा आवाज नाही. मावशींना बरं नसेल म्हणून मी धावत खाली गेलो. मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. नळ बंद. मागे कालचा हंडा झाकण घालून तसाच ठेवलेला. बाकीच्या बायका आपापले नळ बंद करून त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या.

थोड्या वेळाने चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून मास्तरांचा आवाज आला, "सेक्रेटरी, पाणी आलं!"

मी मावशींकडे बघितलं. त्या उठल्या, कालच्या हंड्यावरचं झाकण काढलं आणि अर्धा ग्लास पाणी माझ्या हातात दिलं.

"घे," त्या म्हणाल्या. "ताजा आसा."