मागणी नसलेली गाणी

आमच्या घरात पत्रक शेवटून वाचायची पद्धत होती. बाबांनी ती कारखान्याच्या गेटवरून घरी आणली होती. पाळी सुटताना कामगाराच्या हातात पत्रक पडलं की तो आधी तळाकडे बघतो, कारण मागण्या तिथे असतात. पटल्या तर वरचं वाचतो, नाही तर कागद खिशात जातो. म्हणून बाबा आधी मागण्या लिहीत, मग मजकूर. लिहून झालं की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचत. आई मिक्सर बंद करायची नाही. मिक्सरच्या आवाजातून तिला जे वाक्य कळलं नाही ते खोडलं जायचं. शाळेत होते तेव्हापासून मी त्या पत्रकांच्या घड्या घातल्या. रडायचं तर कशासाठी ते सांग, आणि काय हवं तेही सांग, हा घरचा कायदा होता. तो मला आजही बहुतेक पटतो.

मग बाजार खुला झाला. पेपरात रोज त्याचं कौतुक यायचं. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की चिंचवडकडचं ते गेट बंद झालं. बाबा कित्येक महिने त्या बंद गेटसमोर बोलत राहिले. माईक काढून घेतला तर माईकशिवाय बोलले. घसा बसला, सुटला, परत बसला. शेवटी मंडप उतरला आणि माणसं आपापल्या वाटेने गेली. कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी गेलं, कुणी सोसायटीच्या दारावर खुर्ची टाकून बसलं.

बाबांच्या शेजारच्या लेथ मशीनवर एक काका काम करायचे. दोघांचा डबा एक, बस एक, संघटना एक. कारखाना बंद झाला त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकांनी गळफास घेतला.

त्यांच्या शोकसभेचं पत्रक बाबांनी लिहिलं. खुनी कोण ते त्यात होतं, धोरण कुणाचं ते होतं, तळाला मागण्या होत्या. काका त्यात एका ओळीत होते. वंदना झाली, बाबा बोलायला उभे राहिले, पहिली मागणी वाचायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांच्या हातातला कागद हळूच काढून घेतला आणि स्वतः वाचला. त्या दिवसापासून बाबा पाणी आलं का, दार लावलं का, एवढंच बोलायचे. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही.

वर्ष होत आलं तेव्हा अध्यक्ष आमच्या कर्वेनगरच्या घरी आले. काकांच्या पहिल्या स्मृतिदिनाला गेटवर सभा घ्यायची ठरली होती.

"बोलायचं तुम्हालाच आहे," ते बाबांना म्हणाले. "आम्ही त्याच्याबरोबर घोषणा दिल्या. डबा तुम्ही खाल्लात."

"बघू," बाबा म्हणाले.

"बघू काय? काकू येणार आहेत. गेल्या वेळी त्या तुमच्याकडे बघत बसल्या होत्या."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "पत्रक तू लिही बाई. तुमच्या घरातला हात आहे."

मला त्या सभेत बाबांचा आवाज परत हवा होता. दुसरं काही सुचत नव्हतं. ते आता उभे राहिले नाहीत तर पुन्हा कधीच राहणार नाहीत, अशी माझी खात्री होती.

मी तेव्हा कोथरूडला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे माझं काम. शेजारी नागपूरकडचा एक मुलगा बसायचा, दिवसभर कानाला हेडफोन.

"काय ऐकतोस रे एवढं?"

"डूम मेटल. रॉकचाच एक जड प्रकार. तुला नाही झेपणार."

"का?"

"स्लो असते. तू तर जेवतेसुद्धा मोर्च्यात असल्यासारखी."

असं मला कुणी म्हटलं की मी ते करतेच. त्याने कॉपी केलेली सीडी दिली, वर मार्करने नुसता एक काळा गोल. "पहिला अल्बम आहे त्यांचा. कुठल्या तरी बर्फाच्या देशातली पोरं आहेत. यांना बाकी कोणी ओळखत नाही इथं, तू नावं ठेव आरामात."

मी काय करावं? गाण्यांचे शब्द इंटरनेटवरून उतरवले, ऑफिसच्या प्रिंटरवर छापले आणि शेवटून वाचायला घेतले. प्रत्येक गाण्याचा तळ तपासला. एक बाई गेली आहे, घर थंड आहे, नदी गोठली आहे. वर गेले, तिथेही तेच. दुसऱ्या दिवशी कागद त्याच्या टेबलावर ठेवले.

"यांना हवंय काय?"

"काही नाही हवं."

"मग ओरडतात कशाला?"

"अगं, माणूस मेलं त्यांचं."

"कुणी मारलं?"

त्याने हेडफोन काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला गाणं पाहिजे का एफआयआर?"

मला राग आला. पोट भरलेल्या देशातलं दुःख, असं मी त्याला सुनावलं. ज्याला शत्रू दाखवता येत नाही तो माणूस ओरडून फक्त हवा गरम करतो, असंही. रविवारी सकाळी घरच्या कॉम्प्युटरवर सीडी परत लावली ती हे सगळं मुद्देसूद लिहून त्याच्या तोंडावर मारायचं म्हणूनच.

आधी एक गिटार आली, इतकी जड की टेबलावरचा पेनांचा डबा थरथरला. ड्रमच्या दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा की बंद पडलं वाटावं. त्या जागेतून दुसरी गिटार एक साधी चाल घेऊन वर चढायची आणि थोडं चढून परत खाली यायची. फार सुंदर होती ती चाल. तिला कुठे पोचायचं नव्हतं, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. मग तो आवाज, घशाच्या तळातून खरवडून काढलेला.

"कुणाला उलट्या होतायत का गं?" आईने आतून विचारलं.

मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," बाबा म्हणाले.

ते दारात उभे होते. गाणं संपेपर्यंत तसेच राहिले. पुढचं लागलं तेव्हा कॉटच्या कडेला बसले. आईने मिक्सर लावला नाही.

"गेटवर बोललेला माणूस आहे हा," ते म्हणाले. "घसा असा होतो नंतर. काय म्हणतोय?"

"कुणीतरी गेलंय त्याचं."

"मग?"

"एवढंच."

"मागणी?"

"नाहीये. मी बघितलं."

अल्बम संपायला तासभर लागला. बाबा हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "सगळा वेळ नुसतं हेच. कुणी थांबवलं नाही त्याला." आणि मग, "पत्रकात मागण्या घालू नकोस या वेळी."

मी उसळले. ज्यांनी मला मागणीशिवाय साधं रडू दिलं नाही, ते हे सांगत होते.

"बाबा, मागण्या नसतील तर मालक जिंकला."

"मालक जिंकलाय." ते अगदी शांतपणे म्हणाले. "केव्हाच. तुला कुणी सांगितलं नाही का?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली. मी वाद घालणार होते. मुद्दे तयार होते, अजूनही आहेत. पण वर्षभरात बाबा सलग इतकं पहिल्यांदा बोलले होते. मी लिहून ठेवलेल्या मसुद्यातून तळाच्या मागण्या काढल्या. वरचा मजकूरही पुन्हा लिहिला. त्यात काकांचं गाव आलं, त्यांची लेथ आली, त्यांनी किती पोरांना काम शिकवलं ते आलं. कारखान्याचं नाव आलं, शिव्या आल्या नाहीत.

सदाशिव पेठेतल्या प्रेसवाल्यांनी मजकूर चष्म्यावरून वाचला. "खाली एवढी जागा सोडलीत. जाहिरात येतेय का कुणाची?"

"नाही. मोकळीच छापा."

"मोकळी छापत नाहीत हो, ती असतेच. अर्धा कागद घ्या. उरलेला आम्ही कापून घेतो."

"पूर्णच हवा."

"बरं. हौस तुमची."

सभेला पन्नासेक माणसं असतील. कारखान्याचं गेट तसंच होतं, कुलूप मात्र नवं होतं. आतली शेड पाडून झाली होती. बाहेर आयटी पार्क होणार अशी मोठी पाटी लागली होती, तिच्यावर काचेच्या इमारतीचं चित्र.

"या ताई," एक जुने कामगार मला म्हणाले. "तुमच्याच लोकांचं ऑफिस येतंय. आम्हाला वॉचमन म्हणून घ्या."

हसावं की नाही हे मला कळलं नाही. मी पत्रकं वाटली. सगळ्यांनी आधी तळ बघितला. मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. परत पुढे. कागदांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. अध्यक्ष माझ्यापाशी आले, "पान राहिलं का गं छापायचं?"

"नाही. एवढंच आहे."

"एवढंच म्हणजे? मागण्या?"

तोवर बाबा उभे राहिले होते.

पहिला शब्द यायला वेळ लागला. काकू पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडे बघत होत्या. मग आवाज आला, बसका, खरखरीत, पूर्वीचा नव्हेच. बाबा म्हणाले की तो वांगं खायचा नाही आणि डब्यात वांगं आलं की ते गुपचूप बाबांच्या झाकणात टाकायचा. शिट्टी वाजवायचा, बेसूर, मशीनच्या आवाजात ती आपल्यालाच ऐकू येते असं त्याला वाटायचं. सुट्टीच्या आदल्या दिवशी लेथ स्वतःच्या रुमालाने पुसायचा. पोरीला चष्मा लागला तेव्हा रडला होता. मध्ये ते थांबायचे, इतका वेळ की आता संपलं असं वाटावं, आणि परत सुरू व्हायचे. अशाच एका थांब्यात मागून कुणीतरी सवयीने घोषणा दिली, "अमर रहे!" बाबांनी हात वर केला. "थांब रे. अमर नाहीये तो. मेलाय. बोलू दे मला."

काकू मोठ्याने रडल्या. शोकसभेत त्या रडल्या नव्हत्या, तेव्हा त्यांना रडायला कुणी जागाच ठेवली नव्हती. मग बाकीचे. मोठी माणसं, गेटवर लाठ्या खाल्लेली, रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होती आणि बाजूने कंपन्यांच्या बस जात होत्या.

संपल्यावर अध्यक्ष पत्रकाची घडी खिशात घालून निघून गेले. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. बाबांचा आवाज परत आला होता. पण तो ज्या लढ्यासाठी हवा होता तो आसपास कुठेच उरला नव्हता. पाडलेली शेड होती आणि रडून थकलेली माणसं होती.

माणसं पांगली. उरलेली पत्रकं मी पिशवीत भरत होते. बाबा रुमालाने तोंड पुसत जवळ आले. "आता मागण्यांचं लिही. वेगळं. त्याच्याखाली नको."

"लिहिते. पण द्यायचं कुणाला?"

पत्रकाच्या वर नाव लागतं. जुना मालक जमीन विकून गेला होता. बाबा पाटीकडे बघत राहिले, मीही बघितलं. सवयीने आधी तळ वाचला. तिथे कुणाचं नाव नव्हतं. 'बुकिंग सुरू' एवढंच होतं.